ऑनर सोसायटीचं पत्र आलंय, पैसे भरू का?

सेमिस्टर संपलं की पंधरा दिवसांत आमच्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच, यावेळी तर एकाच दिवसात तिघींनी विचारला. ऑनर सोसायटी म्हणजे चांगले मार्क असणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मेंबर करून घेणारी संस्था. एकीच्या मुलीला पत्र आलंय, एकीच्या भाच्याला आलंय, आणि एकीला स्वतःलाच आलंय (ती माझ्यासारखीच, मुलं मोठी झाल्यावर परत कॉलेजला जायला लागलीये). पत्रं सगळ्यांची साधारण सारखीच, वर सोनेरी शिक्का, ग्रीक अक्षरं, अभिनंदन, तुमची निवड झाली आहे, आणि खाली मेंबरशिपची फी. मग ग्रुपवर लगेच दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते ही सगळी पैसे उकळायची कामं, डिलीट करून टाक. दुसरी म्हणते अगं भर की, रेझ्युमेवर चांगलं दिसतं. मला यातलं एकही उत्तर पटत नाही आणि माझं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी माझं सांगते.

मी बी.कॉम. करून, लग्न करून इकडे आले ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्याच्या बायकोला मिळतो त्या. नोकरी करायची परवानगी नव्हती. पण शिकायला कुणी अडवत नाही हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, आणि कळल्यावरही धीर व्हायला अजून दोन वर्षं गेली. मुलगा दहावीत गेला तेव्हा मी इथल्या, म्हणजे नॉर्दर्न व्हर्जिनियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं असतं ते) अकाउंटिंगचे दोन कोर्स घेतले. पहिल्या दिवशी पार्किंगमध्ये वीस मिनिटं गाडीतच बसून होते, आत जाणारी पोरं माझ्या मुलाएवढी दिसत होती. मग एक बाई दिसल्या, साठीच्या तरी असतील, पाठीला सॅक लावून भराभर चालत आत गेल्या, त्यांच्या मागोमाग मी गेले.

दोन सेमिस्टरमध्ये बारा क्रेडिट झाले. रात्री सगळं आवरल्यावर डायनिंग टेबलावर बसून लेजर आणि बॅलन्स शीट करायचे, बी.कॉम.चं अर्धं विसरलेलं हळूहळू परत येत गेलं, आणि इंग्रजीच्या पेपरला तर मी एकेक निबंध चार-चार वेळा लिहिलाय. फेब्रुवारीत ते ईमेल आलं. फाय थीटा कॅपा नावाच्या ऑनर सोसायटीचं इनव्हिटेशन. मी वाचलं, फी दिसली, आणि उडवून टाकलं. इथे आल्यापासून इतक्या वेळा लॉटरी लागल्याची पत्रं आलीयेत की अभिनंदन शब्द दिसला की हात आपोआप डिलीटकडे जातो.

आठवड्याभराने क्लास संपल्यावर अकाउंटिंगच्या प्रोफेसरांनी मला थांबवलं. वर्ग रिकामा होईपर्यंत त्या फळा पुसत होत्या, मग वळून म्हणाल्या, तुझं नाव यादीत होतं, तू फॉर्म का नाही भरलास? मला आधी कळेचना कुठली यादी. त्या आमच्या कॉलेजच्या चॅप्टरच्या, म्हणजे सोसायटीच्या कॉलेजातल्या शाखेच्या, ॲडव्हायझर निघाल्या. म्हणाल्या, कॉलेजकडून दर सेमिस्टरला आमच्याकडे नावं येतात, बारा क्रेडिट आणि चारपैकी साडेतीनच्या वर जीपीए, त्यात तुझं नाव वाचून मला इतका आनंद झाला होता, मी वाट बघत होते. मी वाट बघत होते, हे शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. या देशात माझी वाट बघणारं घराबाहेर कुणी आहे असं मला तोपर्यंत कधी वाटलंच नव्हतं.

त्या रात्री आईला फोन केला. ऑनर सोसायटी म्हणजे काय हे मराठीत सांगायला शब्द सापडेना. आईच म्हणाली, "म्हणजे मेरिटमध्ये आलीस का गं?" मी म्हटलं, "तसंच काहीसं." "कितवी?" "नंबर नसतो आई यात. ठरलेल्या रेषेच्या वर जे जे असतील ते सगळे." आई क्षणभर गप्प, मग म्हणाली, "बरंय की मग. कुणाचं हिसकावून नाही घेतलंस." मला अजूनही ही व्याख्या सगळ्यात आवडते.

घरात मात्र जरा वेगळं झालं. मुलगा तेव्हा अकरावीत, कॉलेजच्या ॲप्लिकेशनचं वारं अंगात. तो म्हणाला, आई छान आहे, पण ही कम्युनिटी कॉलेजवाली आहे ना, खरी मानाची ती फाय बीटा कॅपा. मनात वाईट नव्हतं त्याच्या, त्याला माहीत होतं ते त्याने सांगितलं. मला लागलं मात्र. कारण मनात मलाही तेच वाटत होतं की ही दुय्यमच असणार, टू-इयर कॉलेजची.

मग एप्रिलमध्ये आम्ही विल्यम्सबर्गला गेलो होतो. आमच्याकडून अडीच-तीन तास. जुनं गाव जसंच्या तसं उभं केलंय, घोडागाड्या, लोहार, छापखाना, सगळं बघून झालं आणि नवरा नि मुलगा तोफेची वाट बघत बसले, मी एकटीच रॅले टॅव्हर्न नावाच्या खानावळीत शिरले. मूळ इमारत १८५९ साली जळाली, आता आहे ती जुन्या पायावर परत बांधलेली, १९३२ साली उघडली. आत अपोलो रूम नावाची मोठी खोली आहे, आणि शेकोटीच्या वर सोनेरी अक्षरात लॅटिन ओळ लिहिलीये, अर्थ असा की आनंद हे शहाणपणाचं आणि चांगल्या जगण्याचं अपत्य. गाइडने सांगितलं की फाय बीटा कॅपाची पोरं याच खोलीत जमायची.

ही गोष्ट १७७६ सालची. जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा झालेला, युद्ध पेटलेलं, आणि ५ डिसेंबरला याच गावातल्या कॉलेज ऑफ विल्यम अँड मेरीतल्या पाच विद्यार्थ्यांनी ही सोसायटी काढली. एकत्र बसायचं, निबंध वाचायचे, वादविवाद करायचे, आणि जे वर्गात बोलता येत नाही ते इथे मोकळेपणाने बोलायचं. तीन ग्रीक अक्षरं म्हणजे तीन शब्दांची आद्याक्षरं, अर्थ साधारण असा की ज्ञानाची ओढ हीच आयुष्याची सुकाणू. सगळं गुप्त असायचं, शपथ होती, हात मिळवायची खास पद्धत होती. १७८१ च्या सुरुवातीला इंग्रज फौजा व्हर्जिनियात शिरल्या तेव्हा कॉलेजच बंद पडलं आणि सोसायटीही थांबली, पण त्याआधीच १७७९ साली त्यांनी हार्वर्ड आणि येलला चॅप्टर काढायची सनद दिली होती, म्हणून ती जगली. पुढे १८३१ मध्ये हार्वर्डने गुप्तता सोडून दिली. त्यांची ती प्रसिद्ध सोन्याची किल्ली, ती मुळात किल्ली नव्हतीच, चांदीचा चौकोनी बिल्ला होता, त्यावर एक बोट तीन ताऱ्यांकडे दाखवतंय, खालची दांडी नंतर आली, खिशातल्या घड्याळाला चावी द्यायला उपयोगी पडावी म्हणून.

त्या खोलीत मी बराच वेळ उभी होते. पाच पोरं, सोळा-अठरा वर्षांची असतील, सगळी चांगल्या घरची. आणि तेव्हा या गावात जवळजवळ निम्मी माणसं गुलाम होती, खोलीत ताटं आणून ठेवणारी माणसं गुलाम होती. त्यांचं नाव कुठल्या यादीत येणार होतं? ना बायकांचं, ना त्यांचं.

घरी आल्यावर मी वाचत सुटले, रोज रात्री अभ्यास संपला की तासभर. आणि जसजशी वाचत गेले तसतसं मला वेगळंच काहीतरी दिसायला लागलं. बायकांना फाय बीटा कॅपात पहिल्यांदा घेतलं ते १८७५ साली, व्हर्माँट युनिव्हर्सिटीत, म्हणजे शंभर वर्षांनी. त्याच व्हर्माँटने १८७७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन हेंडरसन यांना घेतलं, फाय बीटा कॅपात निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. आणि हे हेंडरसन जन्मले आमच्याच व्हर्जिनियात, गुलामीत. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर उत्तरेत गेले, उशिरा अक्षर ओळखीपासून सुरुवात केली, आणि दहा-बारा वर्षांत युनिव्हर्सिटीत वर्गात पहिले आले. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पार्किंगमध्ये वीस मिनिटं बसले होते म्हणून स्वतःला धाडसी समजत होते. आणि एवढं होऊनही कृष्णवर्णीयांच्या युनिव्हर्सिट्यांत, म्हणजे फिस्क आणि हॉवर्डमध्ये फाय बीटा कॅपाचे चॅप्टर यायला १९५३ साल उजाडलं.

मग लीहाय युनिव्हर्सिटीचं वाचलं. तिथे इंजिनिअरिंगची मुलं कितीही हुशार असली तरी फाय बीटा कॅपात बसत नव्हती, ती सोसायटी कला आणि शास्त्रवाल्यांची. तिथल्या मायनिंगच्या प्रोफेसर विल्यम्स यांना, जे स्वतः फाय बीटा कॅपाचे मेंबर होते, हे बरोबर वाटेना, म्हणून त्यांनी १८८५ साली टाउ बीटा पाय काढली, इंजिनिअर्सची. आणि १९१८ मध्ये मिझुरी राज्यातल्या टू-इयर कॉलेजांच्या अध्यक्षांनी बसून फाय थीटा कॅपा ठरवली, कारण दोन वर्षांच्या कॉलेजात शिकणाऱ्यांना कुणीच मोजत नव्हतं. १९२९ साली ज्युनिअर कॉलेजांच्या (टू-इयर कॉलेजांना तेव्हा इथे असं म्हणायचे) राष्ट्रीय संघटनेने तिला अधिकृत मान्यता दिली.

तर मला जे दिसलं ते हे. यातली जवळजवळ प्रत्येक सोसायटी कुणीतरी यादीच्या बाहेर राहिलं होतं म्हणून निघालीये. माझी दुय्यम नव्हती. ती माझ्यासारख्यांसाठीच काढलेली होती, दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी, पोरं सांभाळून शिकणाऱ्यांसाठी, आधीचं शिक्षण अर्धं सुटलेल्यांसाठी. मी फॉर्म भरला.

आता पैशाचं, कारण ग्रुपवरचा मूळ प्रश्न तोच आहे.

मी भरले ते सगळे मिळून शंभर डॉलरच्या आत, एकदाच, मेंबरशिप आयुष्यभराची. काही चॅप्टरकडे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सोय असते, लाजू नका, ॲडव्हायझरला सरळ विचारा. पण प्रत्येक पत्राला पैसे भरायचे नाहीत, आणि हे मी अनुभवाने सांगतेय. मुलगा कॉलेजात फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला असताना त्याला असंच एक भरजरी पत्र आलं, लीडरशिप वगैरे शब्द, एका आठवड्यात भरा नाहीतर जागा जाईल. माझा अनुभव चांगला होता म्हणून मीच म्हटलं भर. भरले. एक सर्टिफिकेट आलं आणि त्यानंतर फक्त ईमेलं, फ्रेम घ्या, अंगठी घ्या, वरच्या लेव्हलची मेंबरशिप घ्या. त्याच्या कॅम्पसवर त्यांचा चॅप्टरच नव्हता. एकही माणूस नव्हता. ते पैसे गेले याचं नाही इतकं वाटलं, पण मुलाच्या मनातून पुढच्या खऱ्या पत्राचीही किंमत गेली, त्याची मला जास्त चुटपुट लागली.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी पहिला प्रश्न हाच करते, तुला निवडलं कोणी? तुझ्या कॉलेजातल्या कुणा माणसाने, ज्याचं ऑफिस तू बघू शकतेस, जाऊन दार वाजवू शकतेस? का कुठून तरी मिळालेल्या ईमेलच्या यादीने? कॉलेजच्या वेबसाइटवर चॅप्टरचं पान आहे का, ॲडव्हायझरचं नाव आहे का, ते बघा. रेषा कुठे आहे ते स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. टाउ बीटा पायची रेषा स्पष्ट आहे, ज्युनिअर इयरला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, वर्गातल्या वरच्या एक अष्टमांशात, सीनियरला, म्हणजे चौथ्या वर्षाला, वरच्या एक पंचमांशात, आणि त्यानंतर स्वभाव, वागणूक बघून मेंबर मत देतात. फाय कॅपा फाय, जी १८९७ मध्ये मेन युनिव्हर्सिटीत सुरू झाली आणि सगळ्या शाखांना घेते, तिथे ज्युनिअरचे वरचे साडेसात टक्के आणि सीनियरचे वरचे दहा टक्के. बिझनेसवाल्यांची बीटा गॅमा सिग्मा फक्त एएसीएसबी नावाच्या संस्थेची मान्यता असलेल्या बिझनेस स्कूलमध्येच असते. फाय बीटा कॅपाला तर अर्ज करायचीच पद्धत नाही, चॅप्टरचे प्रोफेसर स्वतः निवडतात आणि देशभरातल्या दहातल्या साधारण एकाच कॉलेजात त्यांचा चॅप्टर आहे, तेव्हा ते पत्र आलं तर दोनदा विचार करू नका.

असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज म्हणून १९२५ पासून एक संघटना आहे, ती सोसायट्या तपासून सर्टिफाय करते, तिची यादी बघायला हरकत नाही. पण यादीत नाही म्हणजे खोटी असं समजू नका, फाय बीटा कॅपाही त्या यादीत नाही. यादीचा एक उपयोग मात्र इथे डीसीच्या आसपास राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावा, विशेषतः ज्यांची मुलं सिटिझन आहेत. फेडरल सरकारच्या नोकरीत नुसत्या बॅचलर्स डिग्रीवर साधारण जीएस-५ या पगारश्रेणीला सुरुवात होते, पण त्या यादीतल्या राष्ट्रीय सोसायटीची मेंबरशिप असेल तर बऱ्याच पदांना थेट जीएस-७ साठी पात्र धरतात. चांगला जीपीए किंवा वर्गात वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असणं हेही चालतं. फक्त पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी ज्या फ्रेशमन सोसायट्या असतात त्या यात धरत नाहीत. हे मला खूप उशिरा कळलं, म्हणून सांगतेय.

आणि स्कॉलरशिप. फाय थीटा कॅपाच्या मेंबरांना ट्रान्सफर होताना स्कॉलरशिप देणारी चार वर्षांची कॉलेजं देशात शेकडो आहेत, पण ती आपोआप मिळत नाही, डेडलाइन वेगळी असते, फॉर्म वेगळा असतो. काही स्कॉलरशिप सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच असतात, काहींना व्हिसा चालतो, प्रत्येकीचं नीट वाचायचं. मला ट्रान्सफर होताना मिळाली, दोन वर्षं पुस्तकांचा नि बऱ्यापैकी फीचा भार हलका झाला, आणि एच-फोरवर एका पगारात घर चालवताना त्याचा अर्थ काय होतो ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

पण तुम्ही नुसते पैसे भरून गप्प बसलात तर यातलं काहीच होत नाही, हे मी अगदी मनापासून सांगते. मी पहिल्या मीटिंगला गेले तेव्हा सात जण होतो. एक जण रात्रपाळी करून थेट आलेला, डोळे लाल. एकीच्या मांडीवर दोन वर्षांचं बाळ. विषय चालला होता कॉलेजच्या फूड पँट्रीचा, म्हणजे गरजू मुलांना फुकट किराणा मिळतो त्या कपाटाचा, कपाटात डबे भरपूर आहेत पण मुलं घ्यायला येत नाहीत कारण पँट्री मेन हॉलमध्ये आहे, सगळे बघतात. आम्ही पुढचे चार महिने त्यावरच काम केलं, लोकांशी बोललो, वाचलं, लिहिलं आणि शेवटी कॉलेजने लायब्ररीमागची एक खोली दिली जिला मागून दार होतं. पहिल्या आठवड्यात तांदळाची सगळी पाकिटं संपली. मी आयुष्यात पहिल्यांदा मिनिट्स लिहिले, पहिल्यांदा डीनसमोर उभी राहून बोलले, आणि अमेरिकन माणसांशी हवापाण्याच्या पलीकडचं बोलायला शिकले तेही तिथेच. नोकरीच्या इंटरव्ह्यूत मी हेच सांगितलं, जीपीएचं त्यांनी विचारलंही नाही.

इंडक्शनचं, म्हणजे मेंबर करून घेण्याच्या समारंभाचं, मुद्दाम शेवटी ठेवलंय.

कॉलेजच्या छोट्या थिएटरमध्ये होतं. नवरा ऑफिसातून लवकर आला होता, मुलगाही आला, मी साडी नेसले होते. स्टेजवर टेबल, त्यावर निळं-सोनेरी कापड, एक मोठी मेणबत्ती, आणि सह्यांचं जाड पुस्तक. नाव पुकारलं की स्टेजवर जायचं, मोठ्या मेणबत्तीवरून आपली छोटी मेणबत्ती पेटवायची, पुस्तकात सही करायची, पांढरं गुलाब घ्यायचं. माझा नंबर आला आणि नाव पुकारणारे गृहस्थ थांबले. कार्डाकडे बघत राहिले. मग काहीतरी म्हणाले, पहिली दोन अक्षरं माझी होती, बाकी कुणाचीच नाहीत, आडनाव तर त्यांनी सोडूनच दिलं. मला कळायला एक सेकंद लागला की हे मलाच बोलावतायत. माझ्या घरच्यांना तर कळलंच नाही, मुलाने मोबाइल वर केला तोवर मी परत खाली उतरत होते. कुणाचा दोष नव्हता, त्यांना कार्ड आयत्या वेळी हातात दिलं होतं. पण इतक्या रात्री जागून ज्या यादीत आले त्या यादीत माझं नाव वाचता आलं नाही, हे गाडीत बसल्यावर मला सहन होईना. मेणबत्ती पर्समध्ये होती, तिचं मेण अजून मऊ होतं.

पुढच्या सेमिस्टरला मी चॅप्टरची व्हाइस प्रेसिडेंट झाले आणि पहिलं काम मागून घेतलं ते नावांचं.

आता मधल्या काळातलं भराभर सांगते. ग्रीन कार्ड आलं, ट्रान्सफर झाले, डिग्री झाली, ग्रॅज्युएशनच्या गाउनवर सोसायटीचा सोनेरी स्टोल घातला, नोकरी लागली. मुलगा इंजिनिअरिंगला गेला, दुसऱ्या गावी. आणि गेल्या वर्षी ज्युनिअर इयरला त्याला टाउ बीटा पायचं पत्र आलं. फोनवर अगदी सहज सांगितलं त्याने, आई रेझ्युमेला एक ओळ होईल. मी काही बोलले नाही.

स्प्रिंग ब्रेकला घरी आला तर बॅगेतून एक जड पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. कांस्याचा तुकडा, ओतीव, खडबडीत, कडांना साच्याचे फुटवे तसेच. त्याला बेंट म्हणतात. रेल्वेच्या जुन्या पुलांना खालून आधार द्यायला जी चौकट असते ना, भार पेलणारी, तिच्या आकाराचा. त्यांच्या चॅप्टरमध्ये निवड झालेल्याने हा स्वतःच्या हाताने घासून चकचकीत करायचा असतो, मशीन वापरायचं नाही. गॅरेजमध्ये वर्तमानपत्र अंथरून बसला. आधी कानस, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक पाण्यात भिजवून. पहिल्या दिवशी दोन तासांत कंटाळला. दुसऱ्या दिवशी जेवायला हाक मारली तरी उठेना. बोटांच्या पेरांवर हिरवट-काळं बसलेलं, कागदावर सोनेरी कीस, आणि एका कोपऱ्यात, जिथे कानस पोचत नव्हती तिथे, काडीला पेपर गुंडाळून घासत होता. मी चहा घेऊन शेजारी बसले. तेव्हा त्याला लीहायची गोष्ट सांगितली, की ही निघाली कशी, इंजिनिअर पोरांना कुणी घेत नव्हतं म्हणून. आणि मुलींना तर यातही पूर्ण मेंबर व्हायला १९६९ पर्यंत थांबावं लागलं, तोवर त्यांना फक्त वेगळा बॅज द्यायचे.

तो घासत राहिला. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाला, "तुझी पण अशीच निघाली होती ना."

मी म्हटलं, "हो."

"मी तेव्हा काहीतरी बोललो होतो."

मी त्याच्या हातातून तो तुकडा घेतला, खिडकीपाशी नेऊन तिरका धरला. एका बाजूला माझं तोंड दिसायला लागलं होतं. म्हटलं, "या कडेला अजून रेघ आहे बघ."

तर ग्रुपमधल्या तिघींना. ज्या मुलीचं पत्र आहे, तिच्या कॅम्पसवर चॅप्टर आहे, मी बघितलं, ॲडव्हायझरचं नाव तुला पाठवते, आधी तिला त्यांना भेटून येऊ दे. भाच्याचं पत्र मला बरोबर वाटत नाही, त्याच्या कॉलेजच्या कुठल्याच पानावर ते नाव नाहीये, पैसे भरू नका. आणि तू, जी स्वतः शिकतेयस, तुझं फाय थीटा कॅपाचं आहे, आमच्याच कॉलेजचं. भर. आणि शुक्रवारी साडेसहाला इंडक्शनला ये, उगाच साधे कपडे घालून येऊ नकोस.

प्रोफेसर बाई अजून दर इंडक्शनच्या आधी मला फोन करतात. या खेपेला त्रेचाळीस नावं आहेत. गेले चार दिवस ऑफिसातून आल्यावर मी एकेकाला फोन करतेय, नमस्कार, मी फाय थीटा कॅपाकडून बोलतेय, तुमचं नाव तुमच्या घरी कसं म्हणतात ते मला एकदा ऐकवाल का? बहुतेक जण आधी म्हणतात, काही नाही हो, सोपं करून म्हटलंत तरी चालेल. मी म्हणते, मला चालणार नाही. मग हळूच खरं नाव येतं. काल एका व्हिएतनामी मुलीने तिचं नाव पाच वेळा म्हणून दाखवलं, सूर कुठे वर जातो, कुठे तुटतो, मी मराठीत कार्डावर लिहून घेतलं कारण इंग्रजीत ते बसतच नव्हतं, वर बाणाची खूण केली. पाचव्यांदा मला जमलं. पलीकडे ती एकदम गप्प झाली आणि मग लांबून तिच्या आईचा आवाज आला, कोण आहे, कोण बोलतंय असं काहीतरी विचारत असणार.

एकतीस झालीत. बारा राहिलीत.